विस्मरणात गेलेले आपले खगोलवेधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आर्यभट, भास्कराचार्य, सवाई जयसिंह आणि मग एकदम चंद्रशेखर, नारळीकर. भारतीय खगोलशास्त्राचा इतिहास बहुतेकांच्या डोक्यात असा उड्या मारत जातो. मधल्या काळात इथे कुणी मान वर करून पाहिलंच नाही की काय, असं वाटावं. प्रत्यक्षात १८४० नंतरच्या शंभरेक वर्षांत मद्रास, पुणे, ओडिशा, जेसोर, विजापूर अशा ठिकठिकाणी माणसं रात्री जागवत होती, कोष्टकं रचत होती, वर्णपट (प्रकाश फोडल्यावर दिसणारे रंग आणि रेषा) घेत होती. आकाशनिरीक्षणाच्या कार्यक्रमांत आणि व्याख्यानांनंतर त्यांच्याविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

यात कोणाकोणाचा समावेश होतो?

या पानावर भेटतील ती नावं अशी: मद्रास वेधशाळेतले चिंतामणी रघुनाथाचारी आणि एलिझाबेथ आयसिस पॉगसन, पुण्याचे कावसजी दादाभाई नायगमवाला आणि केरो लक्ष्मण छत्रे, मूळचे मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित, विजापूरचे व्यंकटेश बापूजी केतकर, ओडिशातले सामंत चंद्रशेखर आणि जेसोरचे राधागोविंद चंद्र. यादी याहून मोठी होऊ शकते. पण ज्यांचं काम नेमकेपणानं सांगता येतं आणि तरीही ज्यांचं नाव शाळेच्या पुस्तकात सापडत नाही, त्यांच्यापुरतं हे पान आहे.

हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला, हे खरं ना?

नाही. हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि उत्तर ऐकून कोकणातली मंडळी नाराज होतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१८ ऑगस्ट १८६८ रोजी भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसलं. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी ते गुंटूरहून पाहिलं. सूर्याच्या कडेवरून उसळणाऱ्या ज्वाळांच्या वर्णपटात त्यांना ठळक तेजस्वी रेषा दिसल्या. त्या इतक्या ठळक होत्या की ग्रहण नसतानाही दिसायला हव्यात, असं त्यांच्या मनात आलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या खरोखर पाहिल्या. मद्रास वेधशाळेचे नॉर्मन पॉगसन त्या वेळी मच्छलीपट्टणमला होते. वर्णपटातली पिवळी रेषा सोडियमच्या रेषेशी नेमकी जुळत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. विजयदुर्गाच्या गोष्टीत ज्यांचं नाव घेतलं जातं ते इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉक्यर मात्र तेव्हा भारतात नव्हते. ते इंग्लंडमध्ये होते आणि तिथूनच २० ऑक्टोबर १८६८ रोजी, ग्रहणाशिवाय, त्यांनी त्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. ती पिवळी रेषा पृथ्वीवर माहीत नसलेल्या मूलद्रव्याची आहे, हा निष्कर्ष पुढे त्यांनी काढला. विल्यम रॅमझी यांना १८९५ मध्ये एका युरेनियमयुक्त खनिजातून तोच हेलियम वायू मिळाला आणि शंका संपली.

लॉक्यर विजयदुर्गावर आले ते त्यानंतर तीन वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. म्हणजे किल्ल्यावर त्यांचा तळ पडला होता हे खरं, मोठ्या तयारीनं वेध घेतले हेही खरं. फक्त हेलियम तोवर सापडून गेला होता. दोन ग्रहणं एकमेकांत मिसळली आणि १८६८ च्या ग्रहणाला लॉक्यरना विजयदुर्गावर आणून बसवलं गेलं. आजही १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिन साजरा होतो, साहेबाचे ओटे, म्हणजे लॉक्यर यांच्या उपकरणांसाठीचे चौथरे, दाखवले जातात. मुलांना ग्रहणाविषयी काही कळतं, तेवढं चांगलंच आहे. पण १८९८ च्या त्याच ग्रहणात महाराष्ट्राला खरोखर अभिमान वाटावा असं एक काम झालं होतं आणि ते विजयदुर्गावर नव्हे, तर जेऊरला झालं होतं.

जेऊरला काय झालं?

जेऊर म्हणजे सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातलं, दौंड-सोलापूर लोहमार्गावरचं स्टेशन. खग्रासपट्टा तिथून जात होता, जानेवारीत आभाळ निरभ्र असण्याची शक्यता मोठी होती आणि अवजड उपकरणं रेल्वेनं उतरवता येत होती. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल तिथे चाळीस फूट लांबीचा कॅमेरा घेऊन आले होते. आणि पुण्याहून आपली तुकडी घेऊन प्राध्यापक नायगमवाला आले होते.

पुण्यात ते प्लेगचे दिवस होते. अशा काळात वर्णपटदर्शक, कॅमेरे, काचेच्या छायापट्ट्या बांधून न्यायच्या, उघड्या माळावर पाया घालून त्या उभ्या करायच्या, दिवसेंदिवस सराव करायचा आणि हे सगळं कशासाठी, तर सुमारे दोन मिनिटांसाठी. चंद्र सूर्यबिंब पूर्ण झाकतो त्या क्षणी सूर्याच्या वातावरणाची अगदी पातळ कड उरते. इतर वेळी वर्णपटात ज्या रेषा काळ्या दिसतात, त्याच त्या एक-दोन सेकंदांत उलटून तेजस्वी होतात. कॅमेऱ्याची झडप अर्धा सेकंद उशिरा उघडली तरी हे निसटतं. त्यानंतर उरलेला वेळ सूर्याच्या करोनाचा, म्हणजे त्याच्याभोवतीच्या फिकट प्रभामंडळाचा. त्यात कुठली पट्टी कधी बदलायची, किती सेकंद प्रकाश घ्यायचा, हे आधीच ठरलेलं असतं, कारण अंधारात विचार करायला फुरसत नसते. नायगमवालांनी या ग्रहणाच्या वेधांचा सविस्तर अहवाल तयार केला आणि तो १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला.

एकाच दिवशी, एकाच सावलीत, एक साहेब विजयदुर्गावर होता आणि एक भारतीय प्राध्यापक जेऊरला. साहेबाचे ओटे राहिले. प्राध्यापकाचं नाव जेऊरमध्येही फारसं कुणाला ठाऊक नाही.

पुण्यात खगोलभौतिकीची वेधशाळा होती?

होती आणि तिथली दुर्बीण त्या काळी भारतातली सर्वांत मोठी होती.

कावसजी दादाभाई नायगमवाला यांचा जन्म १८५७ चा. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात ते शिकले आणि तिथेच भौतिकशास्त्र शिकवू लागले. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी १८८२ मध्ये पाच हजार रुपयांची देणगी दिली, मुंबई सरकारनं तेवढीच भर घातली. नायगमवाला १८८४ मध्ये इंग्लंडला गेले, तिथल्या ज्योतिर्विदांना भेटले, उपकरणं पाहिली आणि परतल्यावर पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे पुढच्या सीओईपी अभियांत्रिकी महाविद्यालयात, रुजू झाले. त्या आवारात १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. डब्लिनच्या ग्रब कंपनीनं घडवलेली वीस इंची परावर्ती दुर्बीण हे तिचं मुख्य उपकरण.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. त्या काळी भारतातल्या वेधशाळांचं काम म्हणजे ताऱ्यांची स्थानं मोजणं, वेळ पाळणं, हवामानाच्या नोंदी घेणं. तारा आकाशात कुठे आहे हा त्यांचा प्रश्न. तारा कशाचा बनला आहे हा प्रश्न घेऊन भारतात उभी राहिलेली पहिली वेधशाळा पुण्याची. कोडाईकनालची सौर वेधशाळा त्यानंतर जवळपास दहा वर्षांनी आली.

मग नायगमवालांनी शोध तरी काय लावला?

लॉक्यर यांनी एक सिद्धांत मांडला होता: तेजोमेघ (आकाशातले चमकणारे वायूचे ढग), तारे, धूमकेतू ही सारी उल्कापिंडांच्या झुंडींची रूपं आहेत. त्यांचा एक मोठा आधार म्हणजे तेजोमेघांच्या वर्णपटात दिसणारी मुख्य हिरवी रेषा. ही रेषा उल्कापिंड तापल्यावर त्यातल्या मॅग्नेशियममुळे दिसणाऱ्या पट्ट्याचाच उरलेला अंश आहे, असं त्यांचं म्हणणं. तसं असेल तर ती रेषा एका बाजूनं फिकट होत गेलेली, पुसटलेली दिसायला हवी.

नायगमवालांनी पुण्याहून मृगातला तेजोमेघ धरला. तोच, मृगाच्या तलवारीत नुसत्या डोळ्यांनीही धुरकट दिसतो तो. वर्णपटदर्शकाची फट कमी-जास्त करून, वेगवेगळ्या परिस्थितीत त्यांनी ती रेषा पुन्हा पुन्हा तपासली. दर वेळी ती दोन्ही बाजूंनी सुबक, धारदार होती. हे निरीक्षण त्यांनी १८९१ मध्ये रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात छापलं. लॉक्यर म्हणजे त्या काळचं केवढं प्रस्थ! ‘नेचर’ नियतकालिकाचे संस्थापक संपादक, आणि इंग्लंडमध्ये नायगमवाला ज्यांना भेटून आले होते त्यांच्यापैकीच एक. पण रेषा धारदार दिसते तर धारदार म्हणायचं, हे त्यांनी केलं. लॉक्यरना विरोध करणारे ते एकटे नव्हते. इंग्लंडमध्ये हगिन्स, अमेरिकेत कीलर हेही त्याच बाजूला होते आणि त्या पंक्तीत पुण्याचा वेध बसला.

ती रेषा कशाची, हे कळायला १९२७ साल उजाडलं. आयरा बॉवेन यांनी दाखवलं की ती दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे. अतिविरळ वायूतच ती उमटते, म्हणून प्रयोगशाळेत कुणाला सापडत नव्हती.

त्या वेधशाळेचं पुढे काय झालं?

नायगमवाला १९१२ मध्ये निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद झाली. उपकरणं कोडाईकनालला रवाना झाली. वीस इंची दुर्बीण ‘भावनगर दुर्बीण’ या नावानं तिथे राहिली आणि १९८० च्या दशकात तिला लेहला नेऊन लडाखचं आकाश वेधांसाठी कितपत चांगलं आहे, हे तपासण्यात आलं. पुण्यात नायगमवालांनंतर ती सूत्रं हातात घेणारा कुणी नव्हता. ते स्वतः १९३८ पर्यंत हयात होते. माझ्या मते पुण्याच्या विज्ञानाच्या इतिहासातली ही मोठी हानी आहे. संस्था एका माणसाच्या खांद्यावर उभी केली आणि तो माणूस बाजूला होताच दारं लावून घेतली.

आधुनिक काळात भारतीयानं लावलेला पहिला खगोलीय शोध कोणता?

चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ मध्ये शोधलेला ‘आर रेटिक्युली’ हा रूपविकारी तारा. रूपविकारी म्हणजे ज्याची तेजस्विता बदलत राहते असा.

रघुनाथाचारी पंचांगकर्त्यांच्या घराण्यातले. मद्रास वेधशाळेत ते तरुणपणीच लागले आणि पॉगसन यांच्या कारकिर्दीत पहिले साहाय्यक झाले. वेधशाळेचं रोजचं काम ताऱ्यांची स्थानं मोजून तारायादी करण्याचं. रात्रीमागून रात्र, हजारो तारे. अशा कामात एखादा तारा यादीपेक्षा उजळ किंवा मंद दिसला, तर कंटाळलेला माणूस नोंद करून पुढे जातो. यांनी तो पुन्हा पाहिला.

हा तारा शोधणं किती जिकिरीचं होतं, ते जरा आकड्यांत पाहा. तो खगोलीय विषुववृत्ताच्या, म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आकाशात कल्पिलेल्या रेषेच्या, ६३ अंश दक्षिणेला आहे. मद्रासचा अक्षांश १३. म्हणजे ९० मधून १३ आणि ६३ वजा केले की उरतात १४ अंश. मद्रासहून हा तारा जास्तीत जास्त चढतो तो क्षितिजावर फक्त १४ अंश, तेही थोड्या वेळासाठी. समुद्रकाठच्या दमट शहरात, क्षितिजाजवळच्या धूसर हवेतून, त्याचं तेज बदलतंय हे ओळखायचं. त्याचं तेजाचं चक्र साधारण नऊ महिन्यांचं आहे, त्यामुळे एका-दोन रात्रींत फरक कळणं शक्यच नाही.

१८६८ च्या ग्रहणात ते वनपर्तीला गेलेल्या तुकडीचे प्रमुख होते. १८७२ मध्ये रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे फेलो झाले, हा मान मिळालेले पहिले भारतीय. ९ डिसेंबर १८७४ ला शुक्राचं अधिक्रमण होतं, म्हणजे शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना दिसणार होता. त्याआधी त्यांनी ही घटना समजावणारी पुस्तिका लिहिली आणि ती तमिळ, कन्नड, उर्दू अशा भाषांतून काढली. वेधशाळेत दिवसा-रात्री नोकरी करून हे सगळं. १८८० मध्ये ते वारले.

एखादा तारा रूपविकारी आहे हे दुर्बिणीतून नुसतं पाहून कसं कळतं?

शेजाऱ्यांशी तुलना करून. समजा, तुमच्या ताऱ्याजवळ दोन तारे आहेत ज्यांचं तेज बदलत नाही. एकाची प्रत (तेजाचं माप) ७.०, दुसऱ्याची ७.६. प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद, हे लक्षात असू द्या. तुमचा तारा पहिल्याहून मंद, दुसऱ्याहून उजळ आणि बरोबर मधोमध वाटला, तर त्याची प्रत ७.३ लिहायची. पहिल्याकडे जरा झुकलेला वाटला तर ७.२. सोबत तारीख, वेळ, कोणते तारे तुलनेला घेतले ते, आणि आकाश कसं होतं ते. सरावलेली नजर एक दशांश प्रतीपर्यंत जाते.

यातली एक खबरदारी नव्या माणसाला ठाऊक नसते. लालसर ताऱ्याकडे टक लावून पाहिलं की तो डोळ्याला उगाच उजळ भासू लागतो. म्हणून अशा ताऱ्यांकडे झर्रकन पाहून नजर हलवायची, पुन्हा पाहायचं.

मॅट्रिक नापास माणूस असलं काम करू शकतो का?

राधागोविंद चंद्र यांनी केलं. जन्म १८७८, गाव बागचर, जिल्हा जेसोर, आजच्या बांगलादेशात. मॅट्रिकला तीनदा बसून पास झाले नाहीत. जेसोरच्या सरकारी खजिन्यात नाणी पारखण्याची नोकरी लागली. १९१० मध्ये हॅलेचा धूमकेतू त्यांनी लहानशा द्विनेत्रीतून पाहिला आणि दोन वर्षांनी स्वतःच्या पैशानं तीन इंची दुर्बीण घेतली.

१९१८ मध्ये गरुड तारकासमूहात एक नवतारा, म्हणजे एकाएकी तेजाळलेला तारा, झळकला. चंद्र यांनी तो पाहिला, त्याच्या नोंदी ठेवल्या आणि हार्वर्ड वेधशाळेला पाठवल्या. तिथून त्यांचा संबंध ‘अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स’ या संस्थेशी जुळला. पुढे १९५४ पर्यंत त्यांनी या संस्थेकडे ३७ हजारांहून अधिक नोंदी पाठवल्या. दिवसा खजिन्यात नाणी, रात्री अंगणात तारे. संस्थेला या माणसाच्या कामाची किंमत इतकी पटली की १९२६ मध्ये त्यांनी अमेरिकेहून सव्वासहा इंची दुर्बीण त्यांच्याकडे वापरायला पाठवली. विद्यापीठाला नव्हे, वेधशाळेला नव्हे, जेसोरच्या एका कारकुनाला. चंद्र यांचं वय झाल्यावर ती खगोलशास्त्रज्ञ वैनू बाप्पू यांच्याकडे गेली आणि अखेर तमिळनाडूतल्या कावलूर वेधशाळेत पोचली.

अमेरिकेनं दुर्बीण दिली, फ्रान्सनं १९२८ मध्ये सन्मान केला. आपल्याकडे १९७५ मध्ये पश्चिम बंगालमध्ये ते गेले तेव्हा हलाखीतच होते. हे वाचताना मला दर वेळी वाईट वाटतं.

प्लूटोचं भाकीत एका मराठी माणसानं केलं होतं, हे खरं का?

अर्धं. व्यंकटेश बापूजी केतकर, जन्म १८५४, नरगुंद. मॅट्रिकनंतर शिक्षकी पत्करली, गणित आणि ज्योतिष स्वतःच्या बळावर शिकले. ‘ज्योतिर्गणितम्’ हा त्यांचा संस्कृत ग्रंथ. त्यात युरोपातल्या आधुनिक ग्रहगणिताची सूत्रं आणि मूल्यं त्यांनी आपल्या पद्धतीच्या कोष्टकांत बसवली. पंचांगाचं गणित दुरुस्त करू पाहणाऱ्यांना हा ग्रंथ फार मोलाचा ठरला.

१९११ मध्ये फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या मासिकात त्यांनी नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत, असं मांडलं. नावं ब्रह्मा आणि विष्णू. पहिल्याचं सूर्यापासून अंतर त्यांनी काढलं ३८.९५ खगोलीय एकक (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर), प्रदक्षिणाकाळ २४२.२८ वर्षं. प्लूटो सापडला १९३० मध्ये. त्याचं सरासरी अंतर सुमारे ३९.५ एकक, प्रदक्षिणाकाळ सुमारे २४८ वर्षं. आकडे पाहून अंगावर काटा येतो.

पण हा योगायोग मानावा लागतो. केतकरांनी गुरूच्या चंद्रांच्या गतींत लाप्लासला दिसलेला मेळ बाहेरच्या ग्रहांना लावून पाहिला होता. दुसऱ्या ग्रहाचा पत्ता नाही आणि प्लूटो तर इतका हलका, पृथ्वीच्या सुमारे पाचशेव्या हिश्श्याचा, की त्याला भक्कम ग्रह मानून केलेलं कोणतंही भाकीत तत्त्वतः बरोबर ठरत नाही. नेपच्यूनपलीकडच्या ग्रहाचं भाकीत करणारे अमेरिकी ज्योतिर्विद लॉवेल यांनाही हेच लागू पडतं. एक गोष्ट मात्र केतकरांच्या बाजूनं सांगायला हवी. प्लूटो आणि नेपच्यून यांच्या प्रदक्षिणाकाळांत ३:२ असं गुणोत्तर खरोखर आहे, म्हणजे गतींच्या मेळावर नजर ठेवणं अगदीच वाया गेलं नव्हतं. समाजमाध्यमांवर त्यांना ‘प्लूटोचे खरे शोधक’ ठरवणारे मजकूर फिरतात. त्यातून घडतं एवढंच, की ‘ज्योतिर्गणितम्’ची आठवणही कुणी काढत नाही.

शंकर बाळकृष्ण दीक्षित खगोलशास्त्रज्ञ होते की इतिहासकार?

दोन्ही, आणि एकाशिवाय दुसरं शक्य नव्हतं. जन्म १८५३ चा, दापोलीजवळच्या मुरूडचा. पेशानं शिक्षक. ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा त्यांचा मराठी ग्रंथ १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि आजही या विषयात काम करणाऱ्याला त्याला वळसा घालून जाता येत नाही. वेदकाळापासून स्वतःच्या काळापर्यंतचे ग्रंथ, करणं (ग्रहगणिताचे सोपे ग्रंथ), सारण्या, पंचांगं त्यांनी एकेक करून तपासली. कित्येक ठिकाणी स्वतः गणित करून कुठल्या ग्रंथकर्त्याचा काळ कोणता हे ठरवलं. पुराभिलेखतज्ज्ञ फ्लीट यांना गुप्त राजवंशाच्या संवताचा आरंभ निश्चित करताना दीक्षितांच्या गणिताचा आधार होता. रॉबर्ट सीवेल यांच्याबरोबर त्यांनी केलेला भारतीय कालगणनेवरचा इंग्रजी ग्रंथही त्याच वर्षीचा.

त्यांचं एक विवेचन नमुन्यादाखल. शतपथ ब्राह्मणात म्हटलंय की कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत. दीक्षितांनी विचारलं, हे प्रत्यक्ष निरीक्षण असेल तर? नेमका पूर्वेला उगवणारा तारा खगोलीय विषुववृत्तावर असतो. आज कृत्तिका त्याच्या बऱ्याच उत्तरेला आहेत. अयनचलनाचं, म्हणजे पृथ्वीचा अक्ष सावकाश डोलल्यानं ताऱ्यांची स्थानं सरकतात त्याचं, गणित उलटं नेलं की त्या विषुववृत्तावर येतात इसवी सनापूर्वी सुमारे तीन हजार वर्षांच्या सुमारास. या निष्कर्षावर वाद आहेत आणि ते असावेत. पण ग्रंथातलं वाक्य आकाशात नेऊन तपासायची ही रीत मराठीत त्यांनी घालून दिली. १८९८ मध्ये, वयाच्या पंचेचाळिशीच्या आतच ते गेले.

केरूनाना छत्रे आणि पंचांगाचा वाद काय होता?

आकाशात ग्रह एकीकडे आणि पंचांगात दुसरीकडे, हे दुखणं एकोणिसाव्या शतकात फार वाढलं होतं. केरो लक्ष्मण छत्रे, जन्म १८२४, कुलाबा वेधशाळेत ऑर्लीबार यांच्या हाताखाली शिकले, पुढे पुण्यात प्राध्यापक झाले. टिळकांचे ते गुरू. १८६० मध्ये त्यांची ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ आली. युरोपीय कोष्टकांच्या आधारे ग्रहांची स्थानं काढायची सोय मराठीत झाली. १८६५ पासून त्यावर आधारलेलं पटवर्धनी पंचांग निघू लागलं. अयनांश (अयनचलनामुळे राशीचक्राचा आरंभ किती सरकला याचं माप) कुठून मोजायचे, यावरून पुढे बरीच भांडणं झाली. त्या तपशिलात शिरलो तर हे पान संपणार नाही.

सामंत चंद्रशेखर म्हणजे नोबेलवाले चंद्रशेखर का?

नाही. सामंत चंद्रशेखर, पठाणी सामंत या नावानं ओळखले जाणारे, १८३५ ते १९०४, ओडिशातल्या खंडपड्याचे. इंग्रजी शिक्षण नाही, दुर्बीण नाही. एका काठीला आडवी पट्टी जोडून केलेल्या मानयंत्रानं ते कोन मोजत. काठीचं टोक डोळ्याशी, पट्टीवरच्या खुणेतून ग्रह. एवढ्या सामग्रीवर चंद्राच्या गतीतल्या तीन मुख्य विषमता त्यांनी स्वतंत्रपणे काढल्या. त्यांचा ‘सिद्धांतदर्पण’ १८९९ मध्ये कलकत्त्याला छापला गेला. भुवनेश्वरच्या तारांगणाला त्यांचं नाव आहे. ओडिशा त्यांना विसरलेला नाही, बाकीचे आपण विसरलो.

यात स्त्रिया नव्हत्या का?

एलिझाबेथ आयसिस पॉगसन होत्या. नॉर्मन पॉगसन यांच्या कन्या. १८७३ पासून मद्रास वेधशाळेत साहाय्यक म्हणून आकडेमोड आणि वेधांचं काम त्या करत होत्या आणि पुढे हवामान नोंदींचा कारभारही पाहिला. वडिलांनी १८८६ मध्ये रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या फेलोशिपसाठी त्यांचं नाव सुचवलं, तर ते परत आलं. कारण नियमावलीत फेलोचा उल्लेख पुल्लिंगी होता. त्याच संस्थेनं १९२० मध्ये त्यांना फेलो केलं. तोवर चौतीस वर्षं उलटली होती.

इंग्रजांनी श्रेय लाटलं म्हणून ही नावं मागे पडली का?

सरसकट तसं म्हणता येत नाही. रघुनाथाचारींचा शोध त्यांच्याच नावावर नोंदला गेला. नायगमवालांचे लेख त्यांच्याच नावानं छापले गेले. परकी सत्ता होती, वरच्या जागा गोऱ्यांना होत्या, अहवालावर प्रमुखाची सही असायची, हे सगळं खरंच आहे. पण स्वातंत्र्यानंतरच्या एवढ्या वर्षांत ही नावं आपण का उभी केली नाहीत, याचं उत्तर लंडनमध्ये सापडणार नाही.

मला दोन कारणं दिसतात. एक, यांचं काम मुख्यतः नोंदींचं. ३७ हजार नोंदींतून ताऱ्याचा आलेख बनतो, पण त्या आलेखावर नोंद घेणाऱ्याचं नाव नसतं. दुसरं, आपल्याला शोध हवा असतो तो ठसठशीत, एका ओळीत सांगता येणारा. हेलियम विजयदुर्गावर, प्लूटो विजापुरात. त्यामुळे जे घडलं नाही त्याचे मेळावे भरतात आणि मृगातल्या तेजोमेघाची रेषा धारदार आहे असं ठामपणे लिहिणाऱ्या माणसासाठी दोन ओळीही राहत नाहीत.

आज मला असं काही काम करायचं असेल तर?

करता येतं. राधागोविंद चंद्र ज्या संस्थेला नोंदी पाठवत, ती आजही जगभरच्या हौशी निरीक्षकांच्या नोंदी घेते, तुलनेच्या ताऱ्यांचे नकाशे मोफत देते. सुरुवातीला दुर्बीणही नको. मृगातल्या काक्षीचं तेज नुसत्या डोळ्यांनी नोंदता येतं. तिमिंगलातला मायरा काही महिने साध्या डोळ्यांना दिसतो, काही महिने नाहीसा होतो. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे. जाणत्या माणसाशेजारी उभं राहून एकदा तुलना शिकून घ्या, मग घरच्या गच्चीवरून चालू करा.

यांचं मूळ लेखन वाचायला मिळतं का?

बरंचसं मिळतं. रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकाचे जुने अंक नासाच्या खगोलविषयक संग्रहात स्कॅन करून मोफत ठेवले आहेत, नायगमवालांचे लेख तिथे आहेत. बंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेच्या संग्रहात मद्रास वेधशाळेचे जुने दस्तऐवज आहेत. दीक्षितांचा ग्रंथ मोठ्या मराठी ग्रंथालयांत मिळतो, त्याचं इंग्रजी भाषांतरही झालेलं आहे. शोधताना एवढं लक्षात ठेवा की जुन्या कागदपत्रांत रघुनाथाचारींचं नाव इंग्रजीत निरनिराळ्या तऱ्हेनं लिहिलेलं आढळतं, कुठे जोडून, कुठे तोडून. एका स्पेलिंगनं काही हाती लागलं नाही तर सोडू नका, दुसऱ्यानं शोधा. आणि दीक्षितांचा ग्रंथ उघडलात तर सरळ पहिल्या पानापासून वाचायचा आग्रह धरू नका. आधी कृत्तिकांचा भाग काढा.